बारा हजार तोंडं

मस्तुराआपा कोयता घेऊन उभ्या होत्या आणि कापायला काही नव्हतं. काल संध्याकाळपर्यंत चौतीस तुती होत्या. आज सकाळी चौतीस बुडखे. एका टोकाकडून यंत्र तेही उपटत येत होतं. आपांनी ते मोजले, परत मोजले. आकडा जुळला.

घरी, तिसऱ्या मजल्यावर, बैठकीच्या खोलीत बारा हजार रेशीमकिडे उपाशी होते. कालच त्यांनी चौथी कात टाकली होती. आता आठवडाभर दिवसातून सात वेळा खायचं आणि मग कोष विणायचे. आज पाला नाही, तर कोष नाहीत.

खरं तर गुलबाग वस्तीत आता दुसरं कुणीच किडे पाळत नव्हतं. सोव्हिएत सामूहिक शेतीच्या काळात घरटी किड्यांच्या अंड्यांची एक पेटी घ्यावीच लागे. किडे घरात उबेत आणि माणसं ओट्यावर. आपा लग्न होऊन आल्या तेव्हा तुतींपलीकडे नजर पोचेल तिथपर्यंत कापूस होता. मग कापसात एक इमारत उगवली, मग सात. पाट बुजला, त्यावर मोटारी उभ्या राहिल्या. आपांचं घर गेलं, बदल्यात तिसरा मजला आला. उरली होती ती तुतींची एवढी रांग.

सून निगोरा म्हणायची, "आई, लोकांच्या बैठकीत सोफा असतो."

"सोफा कोष देतो का?"

वस्तीचा रईस, म्हणजे प्रमुख, तुर्गुन टोपी सावरत यंत्रापाशी उभा होता. आपा त्याच्यासमोर गेल्या.

"कुणाला विचारून पाडलीस?"

"तुम्हालाच की, आपा."

त्यानं बगलेतली फाईल उघडली. बसच्या अर्जावर एकेचाळीस सह्या होत्या. पहिली आपांची, शेपूट लांब ओढलेली. निगोरा इस्पितळात कामाला चिखलातून चालत जायची, म्हणून दोन वर्षं आपांनीच तुर्गुनचा उंबरा झिजवला होता.

"मी बस मागितली होती. झाडांचं कुठं होतं यात?"

"खाली, बारीक अक्षरात. बसला वळायला जागा नको? तुम्ही म्हणालात, चष्मा घरी राहिलाय, सही कुठं करू तेवढं दाखव."

आपांना आठवलं. तसंच म्हणाल्या होत्या, अगदी तोऱ्यात. तोंडात आलेली शिवी त्यांनी गिळली. ती कुणाला द्यायची तेच कळेना.

"फांद्या?"

"ट्रक घेऊन गेला."

"बस कधी येणार?"

"अकराला. साहेब फीत कापतील."

"जाते कुठवर?"

"कोकतेपापर्यंत. तुमच्या नणंदेच्या गावाला."

अकरा वाजता फीत कापली गेली. साहेबांपाठोपाठ बसमध्ये चढल्या त्या आपा आणि निगोरा, चादरीत झाकलेल्या टोपल्या घेऊन.

"आपा, सामान मागं ठेवा," चालक म्हणाला.

"सामान नाही, उतारू आहेत."

"किती?"

"बारा हजार."

त्यानं चादर उचलून पाहिलं आणि हळूच परत टाकली. "धक्का देऊ नका म्हणावं एकमेकांना."

वाटेत निगोरानं डोकावून पाहिलं. सगळे किडे माना उंचावून हवेत पान शोधत होते. एरवी किड्यांच्या वासानं नाकाला ओढणी लावणारी निगोरा आता टोपली दोन्ही हातांनी पोटाशी धरून बसली होती.

"आई, तग धरतील ना?"

आपांनी चादर सारखी केली. ती सही काही केल्या डोळ्यांसमोरून हलत नव्हती.

कोकतेपात अर्धं गाव रस्त्यावर आलं होतं. दोन्ही बाजूंनी तुती होत्या, पानांनी गच्च. नणंद सालिमा नान घेऊन पुढं आली. नवी ओढणी, डोळ्यांत पाणी.

"वहिनी, बस आली आमच्या दारात. आता आम्हीपण शहरातले झालो."

मागं चालक बस वळवायला बघत होता. पुढं, मागं, परत पुढं. फांद्या काचांवर घासत होत्या. खिडकीतून डोकं काढून तो म्हणाला, "इथंही जागा करावी लागणार."

"करू की," गर्दीतून कुणीतरी म्हणालं. "अर्ज द्या, सह्या करतो."

माणसं हसली. सालिमाही हसली.

आपांनी टोपली तिच्या हातात दिली आणि जवळच्या झाडाची फांदी खाली ओढली.

"धर नीट," त्या म्हणाल्या. "भुकेले आहेत."