टपालबाईंच्या खिडकीतला कोलियस

मी कोलियस. फुलांसाठी मला कोणी घरी आणत नाही, आणि फळांशी तर माझा संबंधच नाही. माझ्याजवळ आहेत ती फक्त पानं. मधोमध डाळिंबी, कडेने पोपटी, हात लावला तर मखमलीसारखी. आता त्यातलीही बरीचशी गळली आहेत. उरली आहेत तोवर सांगून घेतो.

मी बियांतून आलो नाही. एका रोपवाटिकेत एका बाईने मोठ्या झाडाची फांदी पेराखाली कापली, खालची पानं काढली आणि ओल्या रेतीत खोचली. तोच मी. त्या बाईचे हात सारखे मातीत असायचे, त्यामुळे नखं कधी स्वच्छ नसत. पण कोवळ्या देठाला तिचा धक्का म्हणून कधी लागला नाही. मुळं धरली तरी मी एकाच अंगाने वाढलो. गिऱ्हाईक असलं वाकडं रोप उचलत नाही. मग तिनेच मला एका कुंडीत लावलं आणि संध्याकाळी घरी नेलं.

घर तळमजल्यावर, दोन खोल्यांचं. तिथे ती आणि तिची सासू, अशा दोघीच राहत. मधला दुवा, म्हणजे एकीचा नवरा आणि दुसरीचा मुलगा, तापाने गेला होता. सासूला गल्लीत सगळे टपालबाई म्हणत. टपाल कचेरीत त्यांनी उभी हयात पत्रं लावण्यात घालवली होती. कोणाचं अक्षर कितीही किरटं असो, पावसाने पत्ता अर्धा पुसलेला असो, त्यांनी एकदा कागद डोळ्यांजवळ धरला की पत्र बरोबर घरी जायचं. या डोळ्यांचा त्यांना अभिमान होता, आणि तो त्या लपवतही नसत.

मला पाहून त्यांनी नाक मुरडलं. घरात खाणारी तोंडं कमी झाली म्हणून आता पिणारी आणलीस का, असं काहीसं त्या म्हणाल्या. सून हसली आणि तिने माझी सगळी माहिती सासूला सांगून टाकली. उजेड भरपूर हवा, पण दुपारचं ऊन अंगावर नको. मातीत बोट घालून बघायचं. वरचा थर कोरडा लागला तरच पाणी. कुंडीखालच्या ताटलीत पाणी साचू द्यायचं नाही. शेंडे अधूनमधून खुडायचे, म्हणजे झाड उंच न जाता भरगच्च होतं. आणि फुलांचा तुरा दिसला की तोही खुडायचा.

हे शेवटचं टपालबाईंना पटलं नाही.

"फूल येतंय आणि तू खुडायचं म्हणतेस?"

"फुलाकडे जोर गेला की पानं बारीक होतात, आई. आणि मग झाड लवकर संपतं."

पुढे माझा पहिला निळसर तुरा आला तेव्हा मात्र तो टपालबाईंनीच, सून घरी नसताना, अंगठा आणि बोटाच्या चिमटीत धरून हळूच काढला. तिथून माझी सगळी देखभाल त्यांच्याकडे आली. सकाळी मातीत बोट, मग पाणी, मग पिकलेलं पान काढणं. आणि हे सगळं करताना माझ्याशी बोलणं. सुनेशी जे बोलता येत नसे, ते माझ्याशी.

म्हणून त्यांच्या डोळ्यांचं मला आधी कळलं. पूर्वी त्या दारातूनच म्हणायच्या, अगं, डावीकडचं पान पिवळं पडलंय. मग त्या जवळ येऊन बघू लागल्या. मग बघणं कमी आणि चाचपणं जास्त झालं. एके दिवशी त्या एकट्याच डॉक्टरकडे जाऊन आल्या. माझ्यापाशी बसून म्हणाल्या, समोर बघितलं की मधोमध नुसतं धुकं. कडेचं तेवढं दिसतं. गेलं ते परत येणार नाही म्हणतात.

सुनेला त्यांनी हे सांगितलं नाही. त्याला कारण होतं.

सुनेला मागणी आली होती. तो लिफ्ट दुरुस्त करायचा. ज्या एका कचेरीच्या दालनात रोपवाटिकेच्या कुंड्या ठेवलेल्या असत आणि त्यांची निगा राखायला सून जायची, तिथलीच लिफ्ट सारखी बिघडायची, आणि ती बिघडली की दोघांची गाठ पडायची. टपालबाई म्हणत, ती लिफ्ट मुद्दाम बिघडते की काय देव जाणे. माणूस शांत होता, घरी दोनदा येऊन गेला होता, निघताना चपला सरळ ठेवून गेला होता. टपालबाईंना तो आवडला. पण सून हो म्हणत नव्हती. सासूला एकटं टाकून कसं जायचं, हेच तिच्या मनात होतं. टपालबाईंनी तिला हरप्रकारे सांगितलं. मी धडधाकट आहे, माझे डोळे तुझ्याहून चांगले आहेत, माझी काळजी करू नकोस. शेवटी सुनेने होकार दिला.

मग टपालबाई घरातली प्रत्येक वस्तू एकाच जागी ठेवू लागल्या. सुनेला वर्तमानपत्र मोठ्याने वाचायला सांगू लागल्या. म्हणे चष्मा बदलायला झालाय. आणि मला त्यांनी हळूहळू खिडकीच्या टोकाला सरकवलं, जिथे भर दुपारचं ऊन पडायचं. एवढ्या उजेडात माझे रंग त्यांना थोडेतरी ओळखू येत. त्यांना मी दिसावा म्हणून मी उन्हात गेलो, आणि त्या उन्हाने माझा रंग उडाला. डाळिंबीचं आधी विटकरी झालं, मग मळकं पिवळट. काही पानांच्या कडा करपल्या.

एका सुट्टीच्या दिवशी सुनेचं लक्ष गेलं. टपालबाई माझ्या शेजारी बसल्या होत्या आणि कौतुकाने सांगत होत्या, यंदा रंग कसा चढलाय बघ, नुसता लालभडक.

सून माझ्याकडे बघत राहिली. मग सासूकडे. ती त्यांच्या पुढ्यात येऊन उभी राहिली आणि तिने अगदी हळू विचारलं, "आई, माझ्या अंगावर आज कुठला रंग आहे?"

टपालबाईंनी मान जरा तिरकी केली.

"अशी समोर उभी राहू नकोस," त्या म्हणाल्या. "जरा बाजूला हो. बाजूला झालीस की मला तू दिसतेस."

सून बाजूला झाली नाही. ती तिथेच खाली बसली आणि सासूच्या गुडघ्यांवर तिने डोकं टेकलं.

त्यानंतरचे दिवस भांडणात गेले. सून म्हणाली, मी त्यांना लग्नाला नकार कळवते. टपालबाई कधी नव्हे त्या चिडल्या.

"माझा मुलगा गेला त्याचं दुःख तुझ्या वाट्याला आलं, ते पुरे झालं. आता माझे डोळेही तुझ्या वाट्याला घालणार नाही मी."

लिफ्टवाल्याच्या कानावर गेलं तेव्हा तो येऊन म्हणाला, आईंना आपल्याकडेच घेऊन जाऊ. त्याचं घर तिसऱ्या मजल्यावर, आणि त्याच्याच इमारतीला लिफ्ट नव्हती. हे ऐकून टपालबाई पोट धरून हसल्या. पण जायला त्या तयार झाल्या नाहीत. हे घर माझ्या हातांना पाठ आहे, त्या म्हणाल्या. तिथे मी नुसती आंधळी होऊन बसेन. त्यांच्यापुढे कोणाचं काही चाललं नाही. लग्न साधेपणाने झालं. जाण्यापूर्वी सुनेने मला खिडकीतच आतल्या बाजूला सरकवलं, करपलेली पानं काढली. सावलीत जी नवी पानं आली, ती पुन्हा डाळिंबी होती.

ती दर आठवड्याला यायची. मधले दिवस टपालबाई आणि मी. सगळं ठीक चाललं होतं, असं त्या सगळ्यांना सांगत.

थंडी सुरू झाली तसा त्यांना ताप आला. मोरीपाशी पाय घसरला आणि कंबर धरली. कशाबशा बिछान्यापर्यंत आल्या, त्या तिथून उठल्या नाहीत. शेजारी भिंतीला भिंत लागून होते. हाक मारली असती तर कोणीही आलं असतं. त्यांनी मारली नाही. होईल बरं, कशाला कोणाची धावपळ, असं त्या स्वतःशीच पुटपुटत होत्या.

माझी माती कोरडी पडली. आम्हाला तहान लपवता येत नाही. आधी टोकाची पानं लोंबली, मग देठ, मग सगळा मीच कुंडीच्या काठावरून खाली ओघळलो. घरात कोणी बघणारं नव्हतं. पण गल्लीपलीकडे एका शिंप्याचं दुकान आहे. त्याचं मशीन आमच्या खिडकीसमोरच आहे. धाग्यावरून नजर उचलली की त्याला मी दिसायचो. त्याने पाहिलं आणि त्याच्या हातातलं काम थांबलं. टपालबाई झाडाला पाणी चुकवत नाहीत, हे त्याला माहीत होतं.

त्याने दार ठोठावलं. आतून कडी होती. त्याने सुनेला फोन केला. तिच्या आधी लिफ्टवाला पोचला, हत्यारांची पिशवी घेऊनच. त्याने कडी काढली.

डॉक्टर म्हणाले, अजून उशीर झाला असता तर अवघड होतं. टपालबाई दवाखान्यातून घरी आल्या तेव्हा सुनेचा राग बाहेर पडला. एवढं होऊनही हाक का मारली नाहीत, तिने विचारलं.

"सवय नव्हती गं," टपालबाई म्हणाल्या. "मी लोकांचे निरोप पोचवत आले. माझा कोणाला पाठवायचा, ते कधी सुचलंच नाही."

दुसऱ्या दिवशी टपालबाईंनी स्वतःच घराची एक किल्ली शिंप्याकडे दिली, आणि आतली कडी लावायचं सोडून दिलं.

पाणी मिळताच मी पुन्हा उभा राहिलो, पण त्या थंडीने मला आतून मोडलं. खोड आता लाकडासारखं झालंय, खालच्या पेरांवरचे डोळे फुटत नाहीत, नवी पालवी येत नाही. सुनेने माझे शेंडे कापून नेले. तिसऱ्या मजल्यावर ते चांगले वाढतायत म्हणे. एक शिंप्याच्या दुकानात बाटलीत आहे. मला टाकून द्यायचं ती एकदा म्हणाली, तर टपालबाईंनी माझ्या खोडावर हात ठेवला आणि त्या म्हणाल्या, राहू दे अजून. तसं माझं हे खोड आता फार दिवस टिकणार नाही. त्याचं मला वाईट वाटत नाही.

तुमच्या घरात माझ्यासारखं कोणी असेल तर ऊन आणि पाणी तुम्ही सांभाळालच. माझं मागणं वेगळं आहे. तहान लागली की मान टाकायला आम्ही लाजत नाही. तुम्हीही लाजू नका. आणि तुमच्यातलं कोणी बरेच दिवस फार ताठ उभं दिसलं, तर एकदा त्याच्या मातीत बोट घालून बघा.

सकाळ झाली आहे. टपालबाई भिंतीला हात लावत खिडकीपाशी येतायत. त्या खिडकी उघडतील, आणि गल्लीपलीकडे ऐकू जाईल अशा आवाजात शिंप्याला हाक मारतील.