ठणठणीत बॅटरी

अण्णांनी एकतीस वर्षं रुग्णवाहिका चालवली होती. निवृत्तीनंतर त्यांची स्वतःची एक जुनी गाडी होती. रोज सकाळी तिच्यातून एक चक्कर मारल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे.

एका सकाळी किल्ली फिरवली तर गाडी मुकी. दिवा नाही, हॉर्न नाही. मुलीने लगेच मेकॅनिकला बोलावलं. हातात पाना कसा धरायचा, हे त्याला अण्णांनीच शिकवलेलं. बॉनेटखाली डोकं घालून तो म्हणाला, बॅटरीने मान टाकली; या मॉडेलची मागवावी लागेल, आठवडा जाईल.

एकाचे तीन आठवडे झाले. मुलगी रोज म्हणायची, येईल हो बाबा. अण्णा टर्मिनलवरची पांढरी भुकटी पुसून काढत आणि परत घरात येऊन बसत.

शेवटी राहवेना. मुलगी कामावर गेल्यावर त्यांनी बॅटरी काढली आणि शेजाऱ्याच्या गाडीतून दुकानात नेली. दुकानदाराने दोनदा मीटर लावून पाहिला. "हिला काय धाड भरलीय? ठणठणीत आहे की."

घरी येऊन अण्णांनी फ्यूजचा डबा उघडला. मुख्य फ्यूजची जागा रिकामी. इतकी साधी गोष्ट आपण तपासली नाही, कारण सांगणारा घरच्यासारखा होता. त्यांनी मेकॅनिकला फोन लावला. तो म्हणाला, ताईंनीच काढायला लावला.

संध्याकाळी मुलीने काही लपवलं नाही. महिन्यापूर्वी शाळेसमोर अण्णांनी सिग्नल तोडला होता. रस्ता ओलांडणारी एक बाई मागे सरली म्हणून वाचली.

"तुम्हाला कळलंसुद्धा नाही, बाबा. सांगितलं असतं तर ऐकलं असतंत?"

अण्णांना खरंच काही आठवत नव्हतं. ते घाबरले, पण आवाज चढला नाही.

"भांडलो असतो. पण शेवटी किल्ली दिली असती. तुम्ही दोघांनी मिळून मला खुळ्यात काढलंत."

मुलगी रडली. अण्णांनी किल्ली टेबलावर ठेवली आणि महिन्याभरात गाडी विकली, मेकॅनिकला न विचारता.

घर पुन्हा बोलतं झालं. पण एकदा रात्रीची गोळी देताना मुलगी म्हणाली, डॉक्टरांनी कंपनी बदलली, औषध तेच आहे. अण्णांनी गोळी हातातच ठेवली, चष्मा मागितला आणि पाकिटावरचं अक्षर न् अक्षर वाचलं. मुलगी पाण्याचा पेला धरून उभी राहिली.