मेंढ्यांच्या मोलाचा कोश

मित्रांनो, मी एक जुने छपाईयंत्र आहे. नारिन नावाच्या डोंगराळ गावातल्या शाळेच्या व्हरांड्यात मी उभे असते आणि मुले माझ्या दांड्याला टोप्या अडकवतात. माझा जन्म लेनिनग्राडच्या कारखान्यात झाला. तिथून आगगाडीने आणि मग डोलोन घाट चढणाऱ्या मालमोटारीतून मी इथे आले. मला उतरवताना हमालांच्या तोंडून जे शब्द निघाले, ते छापण्यासाठी मात्र मला पुष्कळ वर्षे थांबावे लागले.

आधी मी जिल्ह्याचे वर्तमानपत्र छापत असे. लोक बोटांना ओली शाई लावून घेत ते वाचत आणि माझ्या ठसठशीत अक्षरांची तारीफ करत. पुढे लेनिनग्राडपासून इथपर्यंत पसरलेले ते मोठे राज्य मोडले आणि वर्तमानपत्र बंद पडले. लग्नपत्रिका तेवढ्या उरल्या, मग त्याही आटल्या. छापखान्याचा मालक सातारकुल मात्र रोज येऊन माझ्यावरून फडके फिरवी. शेगडी तिथेच होती म्हणून येत असेल, पण मला बरे वाटे.

अशात एके दिवशी बुरुलबाई आल्या. सगळे त्यांना 'एजे', म्हणजे ताई म्हणत. उभे आयुष्य त्यांनी कुरणांवरच्या तंबूंमधून शब्द वेचले होते. घोड्यांचे रंग, बर्फाच्या जाती, लाडाची नावे, शिव्यासुद्धा. कोश तयार होता. पण राजधानीतल्या प्रकाशन संस्थेला आपल्याच माणसांचे पगार देता येत नव्हते. बाईंनी आपली हस्तलिखिते पिठाच्या पोत्यांत भरून परत आणली होती.

सातारकुल म्हणाला, "एजे, मजुरी मी मागणार नाही. पण कागद कुठून आणू? लाटलेल्या कणकेवर छापू का?"

बाई पुन्हा कुरणांवर गेल्या आणि त्यांनी लोकांकडे कोशाच्या प्रतीची आगाऊ वर्गणी मागितली. रोख पैसा कोणाकडेच नव्हता. लोकांनी मेंढ्या दिल्या. छापखान्याचे अंगण भरून गेले. एका मेंढीने तपासायला ठेवलेले पान खाऊन टाकले, तेव्हा सातारकुल म्हणाला, "पहिला वाचक मिळाला, एजे."

मेंढ्या विकून शाई आली, कागद आला आणि मी पुन्हा धडधडू लागले. पण बाजारात जो तो मेंढ्याच विकत होता. भाव कोसळला आणि नेमका शेवटच्या भागाचा कागद अडला.

तेव्हा तेमिरकुल आला. सीमेपलीकडच्या काशगरहून माल आणणारा हा व्यापारी. शेगडीपाशी बसून तो म्हणाला, "ट्रकभर कागद आणतो. पैसे सवडीने द्या. फक्त एक शब्द गाळा."

कोणता, ते बाईंनी विचारले नाही. आमच्या खोऱ्यात 'एशिमदे' असे एक क्रियापद आहे. पाहुणा जोडे घालू लागला की मग चहा ठेवणे, हा त्याचा अर्थ. आणि एशिम हे तेमिरकुलच्या वडिलांचे नाव.

बाईंनी ते पान काढले, पेन्सिल उचलली, पुन्हा खाली ठेवली. लोकांच्या मेंढ्या खर्ची पडल्या होत्या. एक शब्द गेला तर कोणाचे काय अडणार होते? शेवटी त्या हळूच म्हणाल्या, "तुझा गाळला की उद्या दुसरा येईल. मग हा कोश नाही राहणार बाबा, नुसता मानपान होईल."

तेमिरकुल तणतणत निघून गेला. त्या दिवशी सातारकुलने माझ्यावरून फडके फिरवले नाही.

दोन दिवसांनी तेमिरकुलची म्हातारी आई, उलजान, घोडीवरून आली. "माझ्या नवऱ्यावर काय लिहिलंयस, वाच बघू," ती म्हणाली. बाईंनी खालच्या आवाजात वाचले. म्हातारी हसता हसता डोळे पुसू लागली.

"अर्धवट लिहिलंयस गं. चहा ठेवायचा आणि वर म्हणायचं, बसला असतात तर साखर पण काढली असती. माणूस गेला, आता त्याची एवढीच आठवण हसवते मला. खबरदार गाळलंस तर."

घरी जाऊन म्हणे तिने मुलाला एवढेच विचारले, की कागद देऊ करून वर अट घालायची, म्हणजे तूही बापासारखे 'एशिमदे'च करतोयस ना? पुढच्याच आठवड्यात ट्रक आला. तेमिरकुल खाली उतरायच्या आत सातारकुलने चहा ठेवला होता. ते पाहून तेमिरकुल आधी लाल झाला आणि मग सगळ्यांत मोठ्याने तोच हसला.

हिवाळा संपता संपता कोश पुरा झाला. मेंढपाळ घोड्यांवरून आपापली प्रत न्यायला आले. एकाने स्वतः सांगितलेला शब्द शोधून काढला आणि ते पान साऱ्या बाजाराला दाखवत फिरला. असा मान मला पुन्हा मिळाला नाही. पुढे संगणक आले आणि मला या व्हरांड्यात आणून ठेवले.

शाळेनेही कोश घेतला. पण तो काचेच्या कपाटात, कुलपात ठेवला. गेल्या वर्षी बुरुलबाई काठी टेकत आल्या. कोरे करकरीत भाग पाहून त्यांचा चेहरा पडला. त्यांनी किल्ली मागून घेतली आणि सगळे भाग मुले डबा खातात त्या मेजावर मांडले. शिक्षिका म्हणाल्या, "एजे, मळतील ना."

"मळू देत," बाई म्हणाल्या.

मित्रांनो, मला गंज चढला तो छापून छापून नव्हे, नुसते उभे राहून. पुस्तकाचेही तसेच असते. ते फाडू नका, पण त्याला भिऊही नका. काल एका मुलीने जर्दाळूच्या मुरांब्याचे बोट कोशाच्या पानावर टेकवले आणि घाबरून माझ्याकडे पाहिले. तिला माझे बोलणे ऐकू येत असते तर मी म्हटले असते, "बाळ, पुढचे पान उलट."