बियाण्याची गोण

मी एक जुनी गोण आहे आणि मला राग आलेला आहे. मित्रांनो, जुन्या वस्तूंनी नेहमी गोडच बोलावं असं तुम्हांला वाटत असेल, तर आज ते जमायचं नाही.

साखऱ्याजवळच्या तांड्यात थावरा नाईकानं अंबाडीचं सूत वळून मला विणलं. बैलाच्या पाठीवर टाकली की दोन्ही अंगांना माझं एकेक पोट लोंबायचं. एकीकडचा भार जड झाला तर बैलाची पाठ सोलते, म्हणून मला भरताना थावरा कुणाशी बोलतसुद्धा नसे. मीठ आणि धान्य वाहत मी त्याच्याबरोबर खूप मुलूख पाहिला. पुढे आगगाडी आली, मोटारी आल्या, तांड्याचे बैल नांगराला जुंपले गेले आणि मी खुंटीवर धूळ खात पडले.

तिथून मला खाली काढलं थावराच्या सुनेनं, मीराबाईनं. तिनं मला बियाण्याची गोण केलं. उभ्या शाळूतून टपोरी कणसं ती स्वतः निवडी, वेगळी झोडपी, दाण्यांना राख चोळी, वर कडुनिंबाचा पाला घाली आणि माझी दोन्ही पोटं भरून तोंड शिवून टाकी. "मीराबाईचं बी वाया जात न्हाई," असं तांड्यातल्या बाया म्हणत. ते ऐकून मी फुगत असे.

मीराबाईचा मुलगा प्रेमसिंग औरंगाबादला कॉलेजात शिकत होता. तांड्यातला पहिलाच. १९४५ सालच्या दसऱ्याला तो आठ दिवस घरी आला आणि आठही दिवस त्यानं पुस्तकातून डोकं वर काढलं नाही. जेवताना पुस्तक, आंघोळीला जाताना ओठांवर पाठांतर. आईनं काही विचारलं की, "याडी, मला टाइम न्हाई." त्याला खरंच वेळ नव्हता, परीक्षा तोंडावर होती. पण मला ते वाक्य ऐकून ऐकून वीट आला.

निघायच्या दिवशी त्याची पेटी भरली आणि पुस्तकं उरली. हिंगोलीला गाडी गाठायची होती, दारात छकडा उभा होता, मीराबाई वावरात होती. त्यानं माझी शिवण उसवली, सगळं बी कणगीतल्या खायच्या जोंधळ्यावर ओतलं आणि माझ्यात पुस्तकं कोंबून मला छकड्यात टाकलं. तो जोंधळा जुना, किडका! ज्वारीत ज्वारी मिसळली, त्यात काय बिघडलं, असं त्याला वाटलं असेल. शेतकऱ्याचं पोर आणि वर वनस्पतिशास्त्राचा विद्यार्थी! दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. मला वाचा असती तर मी बोंब ठोकली असती.

दहा दिवसांनी त्याचा काका भीमसिंग वसतिगृहात येऊन उभा राहिला.

"काहून आलात, काका?"

"वहिनीनं पाठवलं न्हाई. मीच आलो. तुझी याडी सुपात दाणा दाणा निवडून राहिली. राख झडून समद्यालाच लागली, बी कोणतं अन् किडकं कोणतं, डोळे फुटायची पाळी आली. इकडं जमिनीतली ओल चालली. दोन दिवस चल, निवडू लाग."

"मला काय ठाव ते बी होतं?"

"इचारायला किती टाइम लागतो रे?"

प्रेमसिंग खाली मान घालून म्हणाला, "परवा पेपर हाय."

भीमसिंगनं मला उचललं आणि सगळी पुस्तकं खाटेवर ओतली. त्यावर त्या शहाण्यानं काय विचारावं? "मग मी पुस्तकं कशात ठेवू?" काका मला खांद्यावर टाकून चालू लागला.

चार एकरांपैकी दोन एकर पेरलं गेलं. उरलेल्या वावरातली ओल तोवर उडाली होती.

पुढच्या सुटीत प्रेमसिंग पहिल्या वर्गात पास होऊन आला. पेपरात बियाणं कसं राखावं यावर प्रश्न आला होता, त्यानं दोन पानं लिहिली म्हणे! मीराबाईनं तांडाभर गूळ वाटला. मग त्यानं दबकत विचारलं, "याडी, अर्धं वावर माझ्यामुळं पडीक राहिलं का?"

"न्हाई रे लेकरा. औंदा ओलच लवकर गेली."

त्यानं ते खरं मानलं, आणि पुन्हा पुस्तक उघडलं.

मित्रांनो, त्या वर्षी उन्हाळ्यात ती माउली मुलाला भाकरी वाढून स्वतः अंबिल पिऊन राहिली. मी खुंटीवरून पाहत होते. खूप शिका, मोठे व्हा, माझं काही म्हणणं नाही. पण घरातल्या वस्तूला हात लावण्याआधी ती जपणाऱ्या माणसाला एकदा विचारा. ते माणूस तुमच्यावर कधीच रागावणार नाही. मीराबाईसुद्धा रागावली नाही, म्हणून तिच्या वाटचा राग मी धरून बसले आहे.