‘गंज’मधल्या झांजा

लाँड्रीच्या मागच्या खोलीत भांडायला फार बरं पडतं. चारी बाजूंना धुतलेले कोट, पडदे आणि चादरी टांगलेल्या असतात, त्यामुळे कितीही ओरडलं तरी आवाज घुमत नाही. म्हणून दर रविवारी, दुकान बंद असताना, मेहुणा इस्त्रीच्या टेबलावर मायक्रोफोन मांडतो आणि तिघं जण ‘वाकडा पाना’ या बँडवर तासभर तावातावाने बोलतात. ते रेकॉर्ड करून तो इंटरनेटवर टाकतो. ऐकणारे मूठभरच, पण कडवे. बँडचा ड्रमरही त्यांच्यातलाच एक आहे, असं त्याने स्वतःच एकदा कळवलं होतं. तेव्हापासून मेहुण्याचे पाय जमिनीला लागत नाहीत.

तिघांतली एक लाँड्रीची मालकीण, सगळ्यांची ताई. तिच्या मते ‘गंज’ हे बँडचंच काय, जगातलं सर्वांत भारी गाणं. दुसरा मेहुणा. त्याला मत असं नाही, त्याला भांडण लावून देण्यात रस. आणि तिसरा हा मेहुण्याच्या बहिणीचा नवरा; मेहुणा तो याचाच. दिवसभर एका दवाखान्यात लोकांचे कान तपासायचे, श्रवणयंत्रं बसवून द्यायची, हा त्याचा पेशा, म्हणून आपण त्याला कानवाला म्हणू. इतका हळू बोलतो की बहिऱ्यांचा डॉक्टर असा कसा, म्हणून बायको चेष्टा करते. पण मायक्रोफोनसमोर बसला की त्याच्या अंगात काय येतं देव जाणे. कार्यक्रमात त्याचं नाव तिखटराव, खरं नाव ऐकणाऱ्यांपैकी कोणाला माहीत नाही.

तिखटरावांचं काम ठरलेलं, कानसेनला सोलून काढायचं. कानसेन म्हणजे बँडचा प्रोड्यूसर. गाणं बँडचं असलं, तरी कोणता आवाज पुढे, कोणता मागे, काय ठेवायचं आणि काय उडवायचं हे स्टुडिओत बसून तो ठरवतो. पहिले दोन अल्बम त्याने असे काही केले की चाहत्यांनी प्रेमाने त्याला कानसेन म्हणायला सुरुवात केली. मग ‘खिळे’ आला. ‘गंज’ त्यातलंच. गाणी सोन्यासारखी, पण ड्रमच्या झांजा अशा कर्कश की कानाशी कोणी भांडी आपटतंय. तेव्हापासून कानसेन हे नाव तेच राहिलं, फक्त म्हणण्याचा सूर बदलला. आता चौथा अल्बम होऊ घातला होता आणि तो पुन्हा कानसेनकडे द्यायचा की दुसऱ्या कोणाकडे, याचा निर्णय बँडने अजून घेतलेला नव्हता.

आणि त्याच आठवड्यात कानसेन दवाखान्यात आला.

टोपी डोळ्यांवर ओढलेली, वर चष्मा. आमच्या कानवाल्याने तरी त्याला उंबरठ्यावरच ओळखलं, घरातल्या भिंतीवर त्याचा फोटो होता म्हटल्यावर ओळखणारच. त्याने ते दाखवलं मात्र नाही. आवाजबंद खोलीत बसवलं, हेडफोन चढवले, हातात बटण दिलं आणि सांगितलं, अगदी हळू जरी सूर ऐकू आला तरी दाबा.

जाड सूर होते तोवर बटण दाबलं जात होतं. सूर वरच्या पट्टीत चढत बारीक होत गेले आणि काचेपलीकडचा तो माणूस नुसता बसून राहिला. चेहऱ्यावर इतकं लक्ष, जणू कोणी खूप लांबून हाक मारेल आणि ती चुकता कामा नये. सूर वाजत होते, चांगले मोठ्याने वाजत होते. ‘खिळे’चं कोडं एका झटक्यात सुटलं होतं. ज्या पट्टीत झांजा वाजतात, तीच पट्टी या माणसाच्या कानातून गेली होती. त्याला ऐकू येईपर्यंत तो त्या वाढवत राहिला, आणि त्याला जेमतेम ऐकू आल्या तेव्हा बाकी जगाचे कान किटले.

“कधीपासून असेल हे?” कानसेनने विचारलं.

“बरीच वर्षं.”

“मला वाटायचं, झांजा लांब गेल्यात. एका अल्बमच्या वेळी तर आठवडेच्या आठवडे त्यांच्यावरच बसलो. पोरं कंटाळून घरी जायची, मी आपला बसलेला.” मग तो पुढे झुकला. “हे बाहेर जाता कामा नये. सध्या एक मोठं काम ठरायचंय.”

“इथलं इथेच राहतं,” कानवाला म्हणाला. हे वाक्य तो रोज म्हणतो, त्या दिवशी ते पहिल्यांदा जड गेलं.

आता योगायोग म्हणा किंवा नशीब म्हणा, घरी विसरलेला जेवणाचा डबा घेऊन मेहुणा त्याच वेळी दारात आला. कानसेन त्याच्या शेजारूनच बाहेर पडला.

“भाऊजी, हा माणूस कोण होता?”

“पेशंट.”

“चाल कानसेनसारखी वाटली.”

“तुला रस्त्यावरचा प्रत्येक टोपीवाला कानसेन वाटतो,” भाऊजी म्हणाले आणि डबा उघडून जेवायला लागले.

रविवारी मेहुण्याने विषय जाहीर केला: सर्वांत भारी गाणं कोणतं, आणि पुढचा अल्बम कानसेनला द्यावा का. ताईने नेहमीप्रमाणे ‘गंज’ला मत दिलं.

“तुम्हाला त्या झांजा टोचतात म्हणे. मला तर तेवढंच एक गाणं नीट ऐकू येतं. दिवसभर मशिनं घरघरतात, त्यातूनही ते वर येतं.”

कानवाला तिच्याकडे बघत राहिला. बाईचे कानही गेले होते आणि तिला पत्ता नव्हता. एरवी तो तिथल्या तिथे म्हणाला असता, ताई, उद्या तपासून घ्या. पण झांजांच्या गोष्टीत कान तपासण्याचं नाव काढणं म्हणजे चोराने आपणहून वाट दाखवण्यासारखं होतं.

“तिखटराव आज गार का?” मेहुण्याने मायक्रोफोन त्याच्यापुढे सरकवला. “एरवी एव्हाना दोन शिव्या झालेल्या असतात.”

“बोलतो ना. ठीक आहे, ‘खिळे’ काही इतका वाईट नाही.”

ताईने हातातला हँगर खाली ठेवला. मेहुण्याचे डोळे मात्र चमकले, मांजराला उंदराची शेपटी दिसावी तसे.

“इतकी वर्षं वाईट होता, आज नाही? मंडळी, परवा मी एका ठिकाणी एका माणसाला बाहेर पडताना पाहिलं. ठिकाण कसलं ते सांगू का, तिखटराव? मला तर एक वेगळीच शंका येतेय. आपला कानसेन बहिरा तर नाही?”

इकडे आड, तिकडे विहीर. गप्प बसावं तर तेच उत्तर, बाजू घ्यावी तरी तेच उत्तर. उठून जावं म्हटलं तर रेकॉर्डिंग चालू, आणि ते ड्रमर ऐकणार. चारी बाजूंचे कोट अंगावर आल्यासारखे वाटले. दार या कपड्यांच्या मागे कुठेतरी होतं. आणि मग त्याने तेच केलं जे त्याला येत होतं. तिखटराव कडाडले.

“बहिरा कसला? उगाच दया दाखवू नका. त्याला सगळं ऐकू येतं, चांगलं खणखणीत ऐकू येतं. कामाची कदर नाही, एवढंच. पैसे मिळाले, नाव झालं, आता कोण तासन्‌तास बसतंय? झांजा आल्या तशा फेकून दिल्या असतील आणि गेला असेल घरी झोपायला. आळशी माणूस आहे. मी बँडमध्ये असतो तर त्याला दारात उभं केलं नसतं.”

मेहुणा खूश झाला. शंका हवेत विरली, ठिकाणाचा विषय निघालाच नाही. ताई म्हणाली, हे जरा जास्त झालं. घरी जाताना कानवाला स्वतःला बजावत होता की आपण दिलेला शब्द पाळला. बजावावं लागत होतं, म्हणजे कुठेतरी खुपत होतंच.

काही दिवसांत बातमी आली. ‘वाकडा पाना’ने नवा प्रोड्यूसर घेतला.

त्यानंतर ठरल्याप्रमाणे कानसेन श्रवणयंत्रं बसवून घ्यायला आला. या वेळी टोपी नव्हती. लपवायचं काही उरलं नव्हतं बहुतेक. कानवाल्याने उजव्या कानाचं यंत्र बसवलं आणि कॉम्प्युटरवर ते जुळवायला घेतलं. आज तो खुणांनीच काम भागवत होता, आणि अगदीच बोलावं लागलं तर एखादा शब्द पुटपुटत होता.

“आवाज कळायला लागला,” कानसेन म्हणाला, “पण शब्द अजून पुसट आहेत. थांबा, माझ्याकडे एक गोष्ट आहे. ड्रमरने पाठवलीय. घरी ऐकली तर निम्मी कळलीच नाही. त्यावरच यंत्र जुळवू.” त्याने फोन टेबलावर ठेवला आणि बटण दाबलं.

तिखटराव कडाडले.

कानवाल्याचा हात माऊसवर तसाच राहिला. स्क्रीनवरची बारीक सुरांची पट्टी अजून खालीच होती. ती तशीच ठेवली असती, तर शब्द पुसटच राहिले असते. सुरुवातीला इतकंच, सवय झाली की बघू, असं सांगता आलं असतं. पेशंटला काय कळणार? फोनमधला त्याचाच आवाज बोलत होता आणि समोरचा माणूस कपाळाला आठ्या घालून, जीव एकवटून ऐकत होता. तपासणीच्या दिवशी काचेपलीकडे बसला होता तसाच.

कानवाल्याने पट्टी वर नेली. जितकी हवी होती तितकी.

“...आळशी माणूस आहे. मी बँडमध्ये असतो तर त्याला दारात उभं केलं नसतं.”

कानसेनने फोन बंद केला. “आता आलं नीट,” तो म्हणाला. “अक्षर न्‌ अक्षर.”

“त्रास नाही ना होत?” कानवाल्याने विचारलं. विचारणं भाग होतं, कामाचाच प्रश्न होता. आणि तो नेहमीच्या हळू आवाजात विचारला, तरी आवाज तोच होता.

कानसेनने आधी फोनकडे पाहिलं, मग मान वळवून त्याच्याकडे.

“मी आलो त्याच्या आधीचं आहे का हे बोलणं?”

“नंतरचं.”

“म्हणजे तुम्हाला माहीत होतं.”

“त्यांना संशय आला होता. मी गप्प राहिलो असतो तर कळलं असतं. बाजू घेतली असती तरी कळलं असतं. तुम्ही म्हणाला होतात, बाहेर जाता कामा नये...”

“हो, म्हणालो होतो मी.” कानसेनने चष्मा काढून टेबलावर ठेवला. “ड्रमर काय म्हणाला माहितीये? म्हणाला, आम्हालाही तसंच वाटायचं, तुझं मन उडालंय आमच्यावरून. बोलायचा धीर होत नव्हता, त्या माणसाने बोलून दाखवलं. बहिरा म्हणाला असतात ना, तर पोरं थांबली असती माझ्यासाठी. यंत्रं येईपर्यंत थांबली असती.”

कानवाल्याला रडू आलं आणि त्याने ते लपवलं नाही. “मी सांगतो त्यांना. येत्या रविवारी माफी मागतो, सगळं खरं सांगतो.”

“नाही. आता सांगितलंत तर म्हणतील, काम गेलं म्हणून दुखणं काढलं. तुमचा शब्द आहे, तो पाळा. आणि एकदम गोडही बोलू नका, लोक कारण विचारतील. बोलता तसंच बोलत राहा माझ्याबद्दल.”

“किती दिवस?”

कानसेनने चष्मा पुन्हा चढवला, खुर्ची वळवली आणि डावा कान पुढे केला, कारण दुसरं यंत्र अजून बसवायचं राहिलं होतं.