कोटांच्या कपाटातला माणूस

ट्रूडीने किराणा दुकानात चीजच्या फ्रिजपाशी माझा दंड धरला आणि म्हणाली, "आर्लीन, अरिझोनात तुझे गुडघे बघ कसे ठणठणीत होतात! कोरडी हवा ना. आम्हाला मात्र करमायचं नाही गं."

"अरिझोनात? कोण चाललंय?"

"कोण म्हणजे! एप्रिलमध्ये घर विकताय ना तुम्ही? वेंडेलनेच सांगितलं की. सत्ताविसाव्या भागात."

मी हातातलं चीज परत ठेवलं. घर माझं, गुडघे माझे, आणि बातमी शेजारणीकडे.

वेंडेल म्हणजे माझा नवरा. चौतीस वर्षांच्या संसारात त्याने मला तीन प्रश्न विचारले असतील. एक लग्नाचा, बाकीचे दोन किल्ल्या कुठे आहेत याचे. जन्मभर त्याने लोकांची घरं गरम ठेवणाऱ्या भट्ट्या दुरुस्त केल्या आणि निवृत्त झाल्यावर आमच्या ओहायोतल्या गावच्या वाचनालयात 'तुमचा आवाज, तुमची गोष्ट' नावाचा फुकट वर्ग केला. त्या वर्गातून चौदा म्हातारे-म्हाताऱ्या बाहेर पडल्या त्या चौदा पॉडकास्ट घेऊनच. उरलेलं गाव कानात इअरफोनचे बोळे घालून हिंडतं. आमचा पोस्टमन खुनाच्या हकिकती ऐकत पत्रं टाकतो. पाद्र्याची बायको 'समोरच्या माणसाकडे लक्ष कसं द्यावं' हे ऐकत रोज सकाळी धावते, आणि मी हात केला तर तिला दिसत नाही.

वेंडेलचा कार्यक्रम दर गुरुवारी. तो जिन्याखालच्या कोटांच्या कपाटात बसून बोलायचा, कारण लोकरीमुळे आवाज घुमत नाही असं त्याला वर्गात सांगितलं होतं. मी कधी ऐकला नव्हता, हे कबूल करते. भट्टीच्या फिल्टरवर पाऊण तास बोलणाऱ्या माणसाला कुणी ऐकावं?

मी शाळेची बस चालवते. त्या दिवशी पोरांना उतरवून बस शाळेमागे लावली आणि सत्तावीस नंबरचा भाग लावला.

आवाज ऐकून मी दचकलेच. हा कोण माणूस? हसतो काय, किस्से काय सांगतो! मी बागेतल्या टोमॅटोंना शिव्या घालते ते त्याने इतक्या मायेने सांगितलं की मला रडू आलं. ज्या बोलण्याची मी चौतीस वर्षं वाट पाहिली, ते त्याने एकसष्ट परक्या माणसांना वाटून टाकलं होतं. आणि मग म्हणाला, "एप्रिलमध्ये घर विकायला काढतोय, मंडळी. अरिझोनाला भावाशेजारी जायचं. आर्लीनला अजून बोललेलो नाही. ती नाही म्हणाली तर एकटा जाईन." लगेच पुढे फिल्टर सुरू.

रात्री जेवताना मी विचारलं, "वेंडेल, अरिझोनाचं काय?"

त्याने एक बोट वर केलं. "एक मिनिट. चारच मिनिटं राहिलीत." त्याच्याही कानात बोळे होते. चार मिनिटं संपली, तो म्हणाला, "मीठ दे जरा," आणि जेवून उठून गेला.

मग मी ट्रूडीकडे गेले. त्या चौदांपैकी तीही एक; तिचा कार्यक्रम कॅसरोलवर, म्हणजे ओव्हनमध्ये भाजायच्या पदार्थांवर असतो, गॅरेजमध्ये बसून करते. बटाट्याच्या कॅसरोलबद्दल दोन वाक्यं बोलून मी तिच्या माइकमध्ये सरळ म्हटलं, "मी कुठेही जात नाही. माझी बस इथे आहे, माझी आई इथे पुरलेली आहे. नवऱ्याला काही सांगायचं असेल तर त्याने ते कोट बाजूला सारावेत आणि मला सांगावं."

त्याने सांगितलं ते कपाटातूनच, गुरुवारी. सोमवारी मी गॅरेजमधून उत्तर दिलं. गाव खूश! न्हाव्याच्या दुकानातले सगळे त्याच्या बाजूने, बसच्या आगारातले माझ्या. त्याचे एकसष्टचे नऊशे श्रोते झाले. एका गादीवाल्याने जाहिरात दिली. आमचं भांडण ऐन रंगात आलं की वेंडेल थांबून मऊ गाद्यांचं कौतुक करायचा. घरात आम्ही फक्त मीठ इकडून तिकडे देत होतो. आणि मला सांगायला लाज वाटते, पण मलाही सोमवारची चटक लागली होती. बस चालवताना मी टोमणे पाठ करायचे.

मग एका गुरुवारी त्याने जाहीर केलं की शनिवारी घरविक्रीची बाई अंगणात पाटी ठोकायला येणार. त्या रात्री माझ्या डोळ्याला डोळा लागला नाही. टोमणे गेले कुठल्या कुठे. हा माणूस खरंच जाईल, याची मला भीती वाटायला लागली.

शुक्रवारी संध्याकाळी तो स्वयंपाकघरात आला. कानातले बोळे काढून समोर बसला. "आर्लीन, बोलायचंय."

आणि काय बोलला! इथला हिवाळा, दुखरे हात, एकटा पडलेला भाऊ. "तुझ्याशिवाय घर म्हणजे नुसत्या भिंती," म्हणाला. मी त्याचा हात धरायला उठणार, एवढ्यात म्हणाला, "जरा पुढे सरकून बोल ना." शर्टाच्या खिशातून फोन डोकावत होता, आणि त्यावर लाल ठिपका.

"बंद कर तो."

"अगं, नऊशे लोक थांबलेत..."

"बंद कर, आणि मग बोल."

त्याने फोन बंद केला. त्याबरोबर तोही बंद. मिठाच्या डबीकडे बघत बसला. मला वाटलं, संपलं. माझ्यासाठी याच्याकडे काही उरलेलंच नाही.

"तू नाही म्हणशील," तो शेवटी पुटपुटला, "म्हणून विचारलं नाही." हा कपाटातला आवाज नव्हता. घोगरा होता, अडखळत होता.

"मग आता विचार."

"येशील?"

"नाही."

त्याने मिठाची डबी स्वतःकडे ओढली. "मग तिकडे मी बोलू कुणाशी?"

"इकडे तरी कुठे बोलतोस?"

त्याने मान खाली घातली. "थंडीचं काय करू मग?"

"कोट घाल. कपाटभर आहेत."

तो हसला. नाकातून, फसकन. असं हसू नऊशे जणांना त्याने कधी ऐकवलं नव्हतं.

शनिवारी पाटीवाली बाई आली तशी परत गेली. पुढच्या गुरुवारी वेंडेल म्हणाला, "आर्लीन आणि मी बोललो. काय बोललो ते सांगणार नाही. आजचा विषय, फिल्टर." गादीवाला पळाला. ट्रूडी माझ्याशी बोलत नाही, "एवढे दिवस कान देऊन ऐकलं, आणि शेवट घरात ठेवलास?" म्हणून फुगलीय. नऊशेचे आता सात उरलेत.

सातवी मी. बसमध्ये बसून दुप्पट वेगाने ऐकते. घरी आले की वेंडेल मला तेच फिल्टर पुन्हा पहिल्यापासून सांगतो, आणि तिथे मात्र वेग वाढवायचं बटण नसतं.