गाडीजवळ कोण थांबणार

मी शाळेची बस चालवते. त्यामुळे सासरच्या सगळ्यांचा ठाम समज आहे की हातात स्टिअरिंग नसलं तर मला करमत नाही. घरात मला नावाने कुणी हाक मारत नाही, पायलट म्हणतात. लग्नानंतरच्या पहिल्याच सहलीत मोठ्या दिरांनी हे नाव ठेवलं आणि मी खुशीत हरभऱ्याच्या झाडावर चढून बसले. खाली उतरायला बरीच वर्षं गेली.

सहल म्हटली की भाड्याची मोठी गाडी येते आणि ती मी चालवते. वर्षभर पोरांनी भरलेली बस, सुट्टीत सासरच्यांनी भरलेली. फरक एवढाच की शाळेतली पोरं उतरताना थँक्यू म्हणतात.

आजवर आम्ही दोन थीम पार्क केले. केले म्हणजे त्यांनी केले. मी सगळ्यांना दारात उतरवायचे, पार्किंगच्या पार टोकाला जागा शोधायचे आणि गाडीला कुलूप लावून निघाले की फोन वाजायचा. सासूबाईंच्या गोळ्या गाडीत राहिल्या. धाकट्या पुतण्याचे कपडे भिजले, कोरडे घेऊन ये. दुपार झाली की सासूबाई दमायच्या, त्यांना मुक्कामी सोडायचं. सोडून परत येते तोवर जाऊबाईंचं डोकं चढलेलं. दोन्ही पार्क मी कुंपणाबाहेरून पाहिले. उंच पाळण्यांचे शेंडे दिसायचे आणि किंकाळ्या ऐकू यायच्या, त्यातली माझ्या लेकीची कुठली ते मी ओळखायचा प्रयत्न करायचे. शिवाय आपलं तिकीट फुकट गेलं म्हणून चुटपुट लागायची ती मलाच.

या वर्षी लेकीने पंचाईत केली. आम्ही तिला भिंगरी म्हणतो, कारण ती एका जागी ठरत नाही. तर भिंगरीने पार्कच्या वेबसाइटवर सगळ्यात मोठ्या रोलर कोस्टरची उंचीची अट शोधली, दाराच्या चौकटीवर पेन्सिलने खूण केली आणि पाठ लावून उभी राहिली. केस दाबून मोजलं तरी खुणेच्या वर. पण अट आणखी एक होती. तिच्या वयाच्या मुलांशेजारी घरचं मोठं माणूस बसलं पाहिजे. तिच्या बाबांना तिसऱ्या मजल्यावरच्या गॅलरीत कपडे वाळत घालतानाही घाम फुटतो. त्यांचं चष्म्यांचं दुकान तळमजल्यावर आहे आणि ते त्यात सुखी आहेत.

"आई, या वेळी तू आत येशील का?" तिने विचारलं.

तिच्या आवाजात तक्रार असती तर मी तिला समजावलं असतं. पण ती नुसती चौकशी करत होती, पाहुण्या बाईंकडे करावी तशी. मला भयंकर राग आला, आणि तो तिच्यावर नव्हता.

मग दिरांच्या घरी बैठक बसली. दीर विमा कंपनीत साहेब आहेत. घरात कुठलीही गोष्ट ठरवायची असली की ते लॅपटॉप टीव्हीला जोडतात आणि सगळ्यांना सोफ्यावर ओळीने बसवतात. टीव्हीवर एका बंगल्याचा फोटो आला. जाऊबाईंच्या मामांचा बंगला, सध्या रिकामा, प्रशस्त, पुढे झोपाळा, मागे बाग.

"पार्कपासून गाडीने तासभर," दीर म्हणाले. "सकाळी निघायचं, संध्याकाळी परत. हॉटेलच्या खुराड्यात कशाला कोंडून घ्यायचं? आपल्याकडे पायलट आहे."

"पायलटला या वेळी जमणार नाही," मी म्हणाले.

सगळे हसले. मी काहीतरी गंमत केली असं त्यांना वाटलं. मी माझा फोन पुढे केला. त्यात मी हेरून ठेवलेलं हॉटेल होतं, पार्कच्या दारासमोर, रस्ता ओलांडला की झालं. "आपण इथे राहू या. चालत जायचं, चालत यायचं. पार्किंगची भानगड नाही. ज्याला दमायला होईल तो खोलीवर जाऊन पडेल आणि वाटलं तर परत येईल. कुणी कुणाला सोडायला नको आणि आणायला नको."

जाऊबाईंनी फोटो मोठा करून पाहिला. "खोल्या केवढ्याशा आहेत गं."

"झोपायचंच आहे ना ताई? नाचायचं तर नाही."

"आणि आईंना चालवत नेणार तू?"

"मला कुणी चालवत न्यायला नको," सासूबाई चष्मा पुसत म्हणाल्या. "रोज बागेला तीन फेऱ्या मारते मी. तासभर गाडीत बसले की मात्र माझे पाय सुजतात. हे मी मागच्या वेळीही सांगितलं होतं." मागच्या वेळी ते कुणी ऐकलं नव्हतं, मीसुद्धा. मी तेव्हा आरशातून मागच्या गाड्या बघत होते.

दिरांनी लॅपटॉपचं झाकण अर्धं मिटवलं. हे त्यांचं चिडल्याचं लक्षण. "अगं, पण घरात इतका चांगला ड्रायव्हर असताना आपण..." आणि ते थांबले. पायलट म्हणायचं ते विसरले होते. माझ्या नवऱ्याने गालिच्याच्या नक्षीत डोकं घातलं.

"मग बंगल्यावर राहा," मी म्हणाले. "खुशाल राहा. गाडी तुम्ही चालवा, भावजी. लायसन्स आहे तुमच्याकडे."

थोरल्या पुतण्याने खिडकीतून खाली फाटकाच्या खांबाकडे पाहिलं आणि पटकन मान फिरवली. दिरांनी शेवटची गाडी मागे घेतली होती तेव्हापासून तो खांब कलता उभा आहे. कोणी त्याचा विषय काढत नाही.

"एवढं तोडून बोलायला नको होतं," घरी जाताना नवरा म्हणाला.

"न तोडता बोलून झालंय. त्याला तुम्ही सगळे हसलात."

"मी कुठे हसलो?"

"तुम्ही गालिचा बघत होतात. त्यापेक्षा हसला असतात तर बरं झालं असतं."

दुसऱ्या दिवशी दिरांचा निरोप आला. हॉटेल चालेल. पण तिकिटांचं ते स्वतः बघतील, त्यात कुणी लुडबुड करायची नाही. मी म्हटलं, बघा. माणसाला काहीतरी बघायला हवंच असतं. मी एकच अट घातली, तिथपर्यंत गाडी मी नेणार, पण एकदा हॉटेलात उभी केली की परत निघेपर्यंत किल्लीचं नाव काढायचं नाही. त्यावर दिरांनी अंगठ्याचं चित्र पाठवलं. मी जिंकले होते. त्या रात्री मी भिंगरीला सांगितलं की आपण दोघी शेजारी बसणार आहोत, सगळ्यात पुढच्या डब्यात.

प्रवास ठीक झाला. हॉटेलच्या तळघरात गाडी लावली, किल्ली काउंटरवरच्या माणसाकडे दिली आणि वळून म्हणाले, "आता ही गाडी नाही, फर्निचर आहे." सासूबाईच तेवढ्या हसल्या.

सकाळी आम्ही पायी निघालो. काखेत पर्स आणि हात मोकळे, त्यांचं काय करायचं ते मला कळेना. भिंगरीने त्यातला एक धरला आणि हलवत चालू लागली. सिग्नलपाशी आम्ही सगळे थांबलो आणि मी पहिल्यांदाच घरच्या माणसांबरोबर पट्ट्यांच्या या बाजूला उभी राहिले. समोर गाड्या खोळंबल्या होत्या. एका गाडीत एक बाई चाकावर बोटं वाजवत बसली होती आणि मागे पोरं कालवा करत होती. मी तिला हात केला. ती दचकली.

पार्कच्या दारावर ही गर्दी. तिकीटखिडकीवर पाटी लटकत होती, आजची सर्व तिकिटं संपली आहेत. दीर खूष झाले. "म्हणून मी म्हणत होतो, वेळेवर काढावी लागतात," असं म्हणत त्यांनी फोन उघडला आणि फाटकापाशी उभे राहिले. लोखंडी दांड्यांचं फिरतं फाटक, बाजूला टोपी घातलेली एक मुलगी. दीर फोन पुढे धरायचे, हिरवा दिवा लागायचा, एक माणूस आत. मग बोटाने पुढचं तिकीट सरकवायचे. पुतणे गेले, जाऊबाई गेल्या, सासूबाई गेल्या, नवरा गेला. भिंगरीने माझा हात सोडला आणि उडी मारून आत गेली.

बाहेर आम्ही दोघं उरलो, दीर आणि मी. त्यांनी बोटाने फोन सरकवला. तिकीट आलं. आणखी सरकवला तर ते पुढे जाईना. त्यांनी पुन्हा सरकवला, मग चष्मा वर करून पाहिलं.

"एकच दिसतंय," ते म्हणाले.

"एकच आहे सर," टोपीवाली म्हणाली. "शेवटचं."

दिरांनी आत उभ्या असलेल्या जाऊबाईंकडे पाहिलं. "तू मोजलीस ना गं?"

"मी नेहमीसारखीच सांगितली," जाऊबाई दांड्यांपलीकडून म्हणाल्या. त्यांचा चेहरा खरंच गोंधळलेला होता. "नेहमी एवढीच काढतो की आपण. पायलट गाडीजवळ असते ना."

मला ते समजायला एक क्षण लागला. म्हणजे मागच्या वेळीही नव्हतं, आणि त्याच्या मागच्या वेळीही नव्हतं. मी ज्याच्यासाठी चुटपुटत बसायचे ते तिकीट कुणी कधी काढलंच नव्हतं. यात वाईट हेतू कुणाचा नव्हता, आणि तेच मला सगळ्यात जास्त झोंबलं. मुद्दाम वगळलं असतं तर निदान वगळताना त्यांना माझी आठवण तरी झाली असती. मी मूर्खासारखी हॉटेल जवळचं की लांबचं यावर भांडत बसले होते.

"मी येतो बाहेर," नवरा आतून म्हणाला.

"बाहेर आलात तरी तुमचं तिकीट वापरलेलंच राहणार, सर," टोपीवाली म्हणाली. "ते दुसऱ्या कुणाला चालत नाही. न वापरलेलं हे एकच आहे. पटकन ठरवा, मागे लाइन आहे."

दिरांनी घसा साफ केला. "असं करू. मी आत जातो आणि मॅनेजरला गाठतो. काहीतरी मार्ग निघेल. तोवर तू इथे सावलीत थांब."

"मॅनेजर बाहेरही भेटतो, भावजी."

"अगं, तुला सवय आहे," जाऊबाई म्हणाल्या. "यांना ऊन सोसत नाही."

मागून कुणीतरी म्हणालं, बाई, बाजूला व्हा ना. मी आयुष्यभर बाजूला होत आले आहे. तो माझा धंदाच आहे. रुग्णवाहिका आली की बाजूला, कुणी आडमुठा घुसला की बाजूला, कारण माझ्या मागे पोरं बसलेली असतात. आज माझं पोर दांड्याच्या पलीकडे उभं होतं आणि माझ्याकडे बघत होतं. रडत नव्हतं की हाक मारत नव्हतं. आई बाहेरच राहणार हे तिने धरूनच ठेवलं होतं, आणि तिचं ते शहाणं तोंड मला बघवेना.

मी फाटकाच्या मधोमध उभी राहिले आणि हात पुढे केला.

"फोन द्या, भावजी."

"म्हणजे?"

"तिकिटं तुम्ही बघणार होतात. कमी भरलं तर बघणाऱ्याने थांबायचं."

"अगं, पण पोरं माझी वाट..."

"पोरांची आई आत आहे. भिंगरीची बाहेर आहे."

दीर आत बघत राहिले, कुणीतरी आपल्या बाजूने बोलेल म्हणून. जाऊबाईंनी तोंड उघडलं. तेवढ्यात सासूबाईंनी त्यांच्या दंडावर हात ठेवला आणि मुलाला म्हणाल्या, "दे तिला तो फोन. उन्हात ताटकळवू नकोस." नवऱ्याने या खेपेला मान खाली घातली नव्हती. "दे, दादा," तो म्हणाला. आवाज जरा चिरकला, पण म्हणाला.

दिरांनी फोन दिला. मी तो फाटकावरच्या स्कॅनरच्या काचेवर धरला. हिरवा दिवा लागला, दांडा माझ्या पोटाला लागून फिरला आणि मी आत आले. फोन मी दांड्यावरून त्यांना परत केला.

"हॉटेल समोरच आहे, भावजी. पायी जाता येतं."

त्यांनी फोन खिशात घातला, पुन्हा बाहेर काढला. मागच्या लोकांनी त्यांना हलकेच बाजूला सारलं. एवढा मोठा साहेब, पण कुठे उभं राहावं ते त्यांना कळत नव्हतं.

"अगं, पण मी दिवसभर बाहेर करू तरी काय?" त्यांनी विचारलं.

बाहेर दिवसभर काय करायचं असतं ते त्या सगळ्यांत फक्त मला ठाऊक होतं. मी सांगितलं नाही. मी भिंगरीचा हात धरला आणि रोलर कोस्टरची रांग कुठे लागते ते टोपीवालीला विचारलं.